पट, नियम आणि संगणक : ‘वर्ल्ड इन फ्लेम्स’चे रूपांतर

पटावरील युद्धखेळ संगणकावर आणणे म्हणजे त्याचे नियम संगणकाच्या भाषेत उतरविणे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज किती अपुरा आहे, हे ‘वर्ल्ड इन फ्लेम्स’च्या उदाहरणावरून दिसून येते. समग्र दुसरे महायुद्ध कवेत घेणारा ग्रेग पिंडर व हॅरी रोलंड यांचा हा खेळ ‘ऑस्ट्रेलियन डिझाइन ग्रुप’ने १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. ‘मॅट्रिक्स गेम्स’ने त्याची संगणकीय आवृत्ती २०१३ मध्ये काढली.

नियमपुस्तिका हे एक व्याकरणच होय. मात्र ते जाणत्या वाचकासाठी लिहिलेले असते. दोन नियमांत विरोध आल्यास नंतरचा प्रवृत्त व्हावा, अशी व्यवस्था पाणिनीने (१.४.२) स्वतःच करून ठेवली, तरीही तिची व्याप्ती ठरविण्यासाठी भाष्यकारांना पुष्कळ खल करावा लागला. पटाभोवतीचे खेळाडू हे भाष्यकाराचे काम सहज करतात. नियम संदिग्ध निघाला तर ते वाद घालतात, प्रसंगी फासा टाकून निर्णय करतात आणि पुढे जातात. संगणकीय आवृत्तीत असा प्रत्येक अर्थ आज्ञावलीकाराने आधीच निवडलेला असतो, आणि निवड झाली होती हेही खेळाडूला कळत नाही. प्रशियात व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ याने १८७६ मध्ये कोष्टकबद्ध युद्धखेळ मोडून पंचाच्या विवेकाला अधिकार दिला होता. येथे पंच आहे, विवेक तेवढा नाही.

याहून सूक्ष्म अडचण संभाषणाची आहे. या खेळात एका पक्षाची चाल चालू असता दुसऱ्याची विमाने वा आरमार मध्ये पडू शकते. पटावर प्रतिपक्षाची मान हलली, हात उचलला गेला की तेवढ्याने काम भागते. बहुतेक वेळा तो काहीच करणार नसतो, आणि ते न बोलताच समजते. संगणकाला मौनाचा अर्थ लावता येत नाही. त्याला प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते, उत्तराची वाट पाहावी लागते.

तथापि माझा मुख्य आक्षेप नकाशाविषयी आहे, कारण तेथे निष्ठेनेच घात केला. मूळ पटावर पॅसिफिक नकाशाचे षट्कोणी घर युरोपातील घरापेक्षा पुष्कळ मोठ्या प्रदेशाचे होते. संगणकीय आवृत्तीने सारे जग युरोपच्या मापाने आखले. दोन मापांना जोडणारे नियम त्यामुळे अनावश्यक झाले, हा लाभ खरा. परंतु चीनमध्ये घरे वाढली आणि सैन्य त्या प्रमाणात वाढले नाही. पटावर जी सलग आघाडी होती तिच्यात खिंडारे पडली. वेढा घालणे, बगल मारणे यांना निराळेच मोल आले. नियमाचा शब्द तोच राहिला आणि अर्थ पालटला. भाषांतरकाराला हा अपघात परिचयाचा आहे.

प्रकाशनसमयी या आवृत्तीत संगणक प्रतिस्पर्धी म्हणून खेळू शकत नव्हता. अनेकांनी यास अपूर्णता म्हटले. वस्तुतः त्यात नवल नाही : कोणती चाल नियमशुद्ध आहे हे व्याकरण सांगते, कोणती चालावी, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही.