तायप्पाची साडी

'जोगवा' मी पहिल्यांदा पाहिला तो कराडच्या हॉस्टेलवर, एका लॅपटॉपभोवती सात जणांनी कोंडाळं करून. मी सांगलीचा, जतची यल्लम्माची जत्रा लहानपणी पाहिलेली. पण 'जोगत्या' हा शब्द शाळेत शिवी म्हणूनच शिकलो. सिनेमा संपताना डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या खोलीतल्या हळू बोलणाऱ्या पोराला 'तायप्पा' म्हणायला लागलो. सगळेच म्हणायचे. मीही.

परवा पुन्हा पाहिला. राजीव पाटील यांचा हा २००९ चा सिनेमा राजन गवस यांच्या कादंबऱ्या आणि आमच्या सांगली जिल्ह्यातल्या चारुता सागर यांच्या 'दर्शन' कथेवर उभा आहे. देवीच्या नावाखाली तायप्पाला साडी नेसवतात. उपेंद्र लिमयेंच्या अंगावर ती शेवटपर्यंत परकीच राहते. त्याचा जीव सुलीवर जडतो.

इथे सिनेमा शरीर नीट ओळखतो. मुलग्याच्या गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून टेस्टोस्टेरॉन तयार व्हायला लागतं, मेंदूच्या जडणघडणीतही त्याचा हात असतो. वयात येताना त्याची दुसरी लाट येते. जाणत्या वयात नेसवलेलं लुगडं हे काही पुसू शकत नाही.

पण सिनेमा याचं उत्तर फार सरळ काढतो: तायप्पा 'खरा पुरुष' आहे, म्हणून त्याच्यावर अन्याय झाला. हार्मोन म्हणजे चालू-बंद करायचं बटण नव्हे. काही मुलींच्या अधिवृक्क ग्रंथी जन्माआधीच जास्त अँड्रोजन बनवतात. या मुली सरासरीने 'मुलांची' खेळणी जास्त निवडतात, तरी त्यातल्या बहुतेक जणी स्वतःला बाईच मानतात. २०१५ मध्ये डाफ्ना जोएल आणि सहकाऱ्यांनी १,४०० हून जास्त मेंदूंचे एमआरआय तपासले. सरासरीत फरक दिसले, पण नखशिखांत 'बायकी' किंवा 'पुरुषी' मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांची गोधडीच. काही ठिगळं इकडची, काही तिकडची.

मग ज्याला साडी मनापासून आपली वाटते, त्या जोगत्याचं काय? सिनेमाच्या मध्यभागी त्याला जागा नाही. खरं तर अन्याय साडीत नव्हता, सक्तीत होता. हा फरक सिनेमाने ठळक केला असता, तर आमच्या खोलीतलं रडणं इतकं स्वस्त ठरलं नसतं. आम्ही रडलो ते एका पुरुषाला बाई केलं म्हणून. शेजारच्या पोराला रोज काय करत होतो, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.