आवळा आणि ‘गूजबेरी’ : एका पर्यायाची चिकित्सा

मुखेडच्या विद्यार्थ्याला कार्तिकातील आवळा ठाऊक असतो. गूजबेरी त्याने बहुधा पाहिलेली नसते. तरीही इंग्रजी पाठातील ‘गूजबेरी’ मराठीत आणताना तो निःशंकपणे ‘आवळा’ लिहितो. आवळ्यास ‘इंडियन गूजबेरी’ म्हणणे व्यापारी सोय म्हणून क्षम्य ठरेल. हा उलटा पर्याय मात्र शास्त्रदृष्ट्या चूक होय.

खरी गूजबेरी व करंट ही ‘रायबीस’ प्रजातीतील झुडपे. भारतात ती हिमालयात आढळतात, महाराष्ट्राच्या रानात नाहीत. लिनीअसने १७५३ मध्ये दोहोंना एकाच प्रजातीत घातले. पुढच्याच वर्षी मिलरने गूजबेरीसाठी ‘ग्रॉस्युलॅरिया’ ही वेगळी प्रजाती मानली. भेद खोटा नव्हे. गूजबेरीच्या पेरांवर काटे असतात व फुले एक-दोनच येतात. करंट बहुधा बिनकाट्याचे, त्याची फुले मंजरीत येतात आणि त्यांच्या देठास सांधा असतो. तथापि यान्चेव्स्कीने १९०७ च्या प्रबंधात दोहोंस एकत्रच ठेवले, व आज तेच मत बहुमान्य आहे.

आवळ्याचा या कुलाशी संबंध नाही. रायबीसचा किंजपुट अधःस्थ व एका कप्प्याचा. म्हणून फळाच्या शेंड्यावर फुलाचे वाळलेले अवशेष राहतात. आवळ्याचा किंजपुट ऊर्ध्वस्थ व तीन कप्प्यांचा. म्हणून आत कठीण आठळी आणि सहा बिया. साम्य उरते ते आंबटपणाचे व सालीवरील उभ्या रेषांचे. ‘करंट’ची कथाही अशीच. हे नाव मुळात कॉरिंथ नगरावरून बारीक मनुकांस मिळाले व मागाहून या झुडपांच्या फळांस चिकटले. तेव्हा ‘ब्लॅककरंट’ला ‘काळी मनुका’ म्हणणे म्हणजे झुडपाची वेल करणे होय.

याउलट आपला ‘भुईआवळा’ पाहावा. वीतभर उंचीचे हे तण लोकांनी वृक्षाच्या नात्यात बसविले. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही दीर्घकाळ दोहोंस ‘फायलँथस’ याच प्रजातीत ठेवले. गर्टनरने १७९० मध्ये आवळा ‘एम्ब्लिका’ म्हणून वेगळा काढला. पुढे तो पुन्हा फायलँथसमध्ये गेला, आणि २०२२ च्या पुनर्वर्गीकरणात एम्ब्लिका परत उभी राहिली. तरी कुल एकच राहिले. अर्थात येथे लोकनामाचा गौरव करण्याचा हेतू नाही. लोकनाम ही सूचना आहे, पुरावा नव्हे. परंतु ती निरीक्षणातून आलेली सूचना आहे, आणि परक्या बाजारातून आलेल्या नावात तेवढेही नसते.

कुकची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची (१९०१–०८) मुखेडपर्यंत पोचली नाही, कारण हा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्याची स्वतंत्र वनस्पतिसूची वि. ना. नाईकांनी १९९८ मध्ये दिली. एवढ्या उशिरा हाती आलेले आपल्या भूमीचे ज्ञान उसन्या नावांनी पुसट करणे आपणांस परवडणारे नाही. गूजबेरीस मराठीतही ‘गूजबेरी’च म्हणावे. आवळ्याच्या नमुनापत्रावर शास्त्रीय नाव लिहावे आणि त्याखाली मुखेडच्या तोंडचे नाव, जसे उच्चारले जाते तसे, नोंदवावे.