खानदेशच्या मृत्युसंख्येचें मोल

कँबेल यांनीं संपादिलेलें खानदेशचें गॅझेटियर (१८८०) बहुमोल खरें. परंतु त्यांतील मृत्युसंख्येवरून प्रांताचें आरोग्य ठरवूं जाणें आम्हांस धोक्याचें वाटतें. मरणाचें कारण गांवकामगार नोंदीत, वैद्य नव्हे. त्यामुळें ‘ताप’ या एकाच सदरांत हिंवतापापासून विषमज्वरापर्यंत सारें कोंबलें गेलें; १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे बळीहि बहुतांशीं तेथेंच पडले. शिवाय १९०६ सालीं जिल्हा दुभंगून पूर्व व पश्चिम खानदेश झाले, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार निघाला. म्हणून खानेसुमारीची तुलना तालुकेवारच करावी. संग्राहकांनीं पोथ्यांइतक्याच गांवच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्याहि जपाव्या, अशी आमची विनंति आहे. गोळाबेरजेंत हरवलेलीं माणसें तेथेंच सांपडतील.