नोंदीची भाषा : जागतिक चित्रपटाच्या अध्यापनासंदर्भात ‘फँड्री’ व ‘कोर्ट’ यांचा विचार

प्रास्ताविक

जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये ‘यवन’ असा उल्लेख असलेल्या तीन दात्यांचे लेख आहेत. इरिल याने पाण्याची दोन टाकी, चिट याने भोजनमंडप आणि चंद याने गर्भद्वार दान दिल्याची ही नोंद आहे. तिची लिपी ब्राह्मी व भाषा प्राकृत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आंतरसांस्कृतिक संवादाचा हा पुरावा आपण अभिमानाने दाखवितो. तथापि, हे दाते घरी कोणत्या भाषेत बोलत असतील, याचा माग त्या नोंदीत राहिलेला नाही. संवाद झाला, पण तो एका बाजूच्या भाषेत नोंदला गेला. हाच प्रश्न महाविद्यालयीन भाषाविभागांतील जागतिक चित्रपटाच्या अध्यापनाला विचारावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपशीर्षकांची मर्यादा

भाषेच्या वर्गात चित्रपट सामान्यतः कथानक, आशय व सामाजिक संदेश या अंगांनी शिकविला जातो. पडद्याखालची इंग्रजी उपशीर्षके ही केवळ सोय मानली जाते. ती सोय आवश्यक आहे, हे नाकारता येणार नाही. तिच्यावाचून इराणी चित्रपट आपल्यापर्यंत पोहोचला नसता व मराठी चित्रपट परदेशी प्रेक्षकांपर्यंत गेला नसता. परंतु या सोयीची किंमत काय, याची चर्चा वर्गात क्वचितच होते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) या चित्रपटाचे शीर्षकच कैकाडी भाषेतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा होतो. कैकाडी ही द्राविड कुळातील भाषा आहे. जब्याच्या घरात ती बोलली जाते; शाळेत व गावात मराठी चालते. उंबरठा ओलांडताना भाषा बदलते आणि त्या बदलातच जातीची भिंत ऐकू येते. इंग्रजी उपशीर्षकांत मात्र घरची कैकाडी व गावची मराठी या दोन्हींचे एकच इंग्रजी होते. उपशीर्षकांवर विसंबणाऱ्या प्रेक्षकाला गरिबी दिसते, अपमान दिसतो. भाषिक परकेपण मात्र निसटते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) याच प्रश्नाला कथावस्तूत आणतो. व्हेनिस महोत्सवात ‘होरायझन्स’ विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या या कृतीत मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषा आहेत. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गीतामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. न्यायालयात जे बोलले जाते ते न्यायाधीश आपल्या शब्दांत, इंग्रजीत, टंकलेखकाला सांगतात. तेवढेच अधिकृत ठरते. मृत कामगाराची पत्नी साक्ष देते तेव्हा तिचे थांबणे व तिचा कोरडा स्वर प्रेक्षक अनुभवतो. नोंदीत केवळ माहिती उतरते. अन्याय येथे आरडाओरड करून येत नाही, तो नोंदीच्या भाषेतून येतो. ताम्हाणे यांच्या संयत, स्थिर चित्रणाचे हे मोठे यश होय. पण विरोधाभास असा की, परदेशी प्रेक्षक हा चित्रपटही एकाच भाषेच्या पट्टीतून पाहतो. न्यायाधीश जे करतात, तेच उपशीर्षकही काही अंशी करते.

इंग्रजी हाच जागतिक चित्रपटाचा तटस्थ दरवाजा आहे, हा समजही तपासावा लागेल. अब्बास किआरोस्तामी यांच्या ‘मित्राचे घर कुठे आहे?’ (1987) या फारसी चित्रपटात चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत देण्यासाठी लहानगा अहमद शेजारच्या गावी जातो. फारसीत ‘तो’ व ‘शोमा’ असा भेद आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच सर्वनाम येते. ‘तू’ व ‘तुम्ही’ असलेल्या मराठीत मोठ्यांसमोर अहमदला वाटणारा धाक अधिक नेमका उतरू शकेल.

वर्गातील प्रश्न

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागातील महादेव कोळी व ठाकर समाजांतील विद्यार्थी आपली बोली घेऊन वर्गात येतात. उत्तरपत्रिकेत त्या बोलीतला शब्द आला की त्याला ‘अशुद्ध’ असा शेरा मिळतो. ‘फँड्री’वर व्याख्यान देणारे आपण अध्यापक तोच शेरा मारत असू, तर चित्रपट आपण पाहिला, ऐकला नाही, असेच म्हणावे लागेल.

यासाठी वेगळ्या निधीची वा स्वतंत्र अभ्यासक्रमाची गरज नाही. एखादा दहा मिनिटांचा प्रसंग प्रथम उपशीर्षके झाकून दाखवावा. कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, कोठे स्वर बदलतो, याची टिपणे विद्यार्थ्यांनी करावीत. नंतर त्याच संवादांची उपशीर्षके त्यांनी प्रमाण मराठीत व आपल्या बोलीत लिहावीत आणि इंग्रजीशी ताडून पाहावीत. काय टिकले व काय गळाले, ही चर्चा म्हणजेच अनुवादाचा, समाजभाषाविज्ञानाचा व आंतरसांस्कृतिक संवादाचा प्रत्यक्ष पाठ ठरेल. मूल्यमापनात या टिपणांना गुण द्यावेत. त्याशिवाय बोलीला वर्गात खरा मान मिळणार नाही.

निष्कर्ष

आंतरसांस्कृतिक संवाद परदेशी पाहुण्यापासून सुरू होत नाही. तो वर्गातल्या शेवटच्या बाकापासून सुरू होतो. इरिलाचे दान प्राकृतात नोंदले गेले, कारण तेव्हा ती नोंदीची भाषा होती. आज आपल्या वर्गातील नोंद कोणत्या भाषेत होते व तिच्यातून कोण वगळला जातो, हे तपासण्याची जबाबदारी भाषाविभागाची आहे.