कोडॉनच्या तिसऱ्या अक्षराचे काय?

प्रथिननिर्मिती शिकवताना फळ्यावर एक ठरलेली आकृती येते. वर संदेशवाहक आर.एन.ए.ची पट्टी व तिच्यावर तीन-तीन अक्षरांचे कोडॉन. खाली अमिनो आम्ल घेऊन येणारा वाहक आर.एन.ए. व त्याचा अँटिकोडॉन. ‘ए’समोर ‘यू’, ‘जी’समोर ‘सी’. कुलपात किल्ली बसावी तशी जोडी. ही आकृती सोपी आहे, लक्षातही राहते. आमची तक्रार अशी, की ती जिथे थांबते तिथेच खरा प्रश्न सुरू होतो.

आकृती खरी मानून हिशेब करू. ६४ कोडॉनपैकी ३ ‘थांबा’ सांगणारे, उरले ६१. प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली हवी, म्हणजे वाहकांचे ६१ प्रकार हवेत. पण माणसाच्या तंतुकणिकेत (तिथला संकेत किंचित वेगळा असला तरी) अवघ्या २२ प्रकारांवर काम भागते. हे कसे?

रॉबर्ट हॉली यांनी १९६५ साली यीस्टमधील अ‍ॅलॅनिनच्या वाहकाची ७७ घटकांची संपूर्ण क्रमवारी उलगडली. त्याच्या अँटिकोडॉनमध्ये नेहमीच्या चार अक्षरांबाहेरचे इनोसिन होते. १९६६ मध्ये फ्रान्सिस क्रिक यांनी सुचवले, की कोडॉनची पहिली दोन अक्षरे काटेकोर जुळतात, तिसऱ्या जागी मात्र जोडी थोडी सैल असते. इनोसिन तेथे यू, सी व ए या तिघांशीही जुळते. त्यामुळे जीसीयू, जीसीसी आणि जीसीए हे तिन्ही कोडॉन एकच वाहक वाचतो. तिघांचाही अर्थ अ‍ॅलॅनिनच असल्याने प्रथिनात चूक होत नाही. जीसीजीसाठी मात्र दुसरा वाहक लागतो.

दुसरा आक्षेप दिशेबद्दल. दोन्ही पट्ट्या एकमेकींच्या उलट दिशेने जुळतात. कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरासमोर अँटिकोडॉनचे पहिले अक्षर येते. आकृतीत टोके दाखवलेली नसली, की विद्यार्थी जीसीयूचा अँटिकोडॉन सीजीए लिहितो. ५′ टोकाकडून वाचण्याच्या प्रथेप्रमाणे तो एजीसी असतो. पेशी यातल्याच पहिल्या ‘ए’चे इनोसिन करते. दिशा चुकली तर सैल जागा कोणती, हेच कळत नाही.

मग पहिल्या दोन अक्षरांची शिस्त कोण राखते? रामकृष्णन यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले, की रायबोसोमच्या आर.एन.ए.मधील काही घटक पहिल्या दोन जोड्यांचा आकार तपासून पाहतात. तिसऱ्या जोडीला सूट मिळते. किल्लीच्या उपमेत या तपासनिसाला जागाच नाही.

आकृती टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. दोन कागदी पट्ट्या घ्याव्यात, टोकांवर ५′ व ३′ लिहावे, तिसरी जागा वेगळ्या रंगाने रंगवावी. मग वर्गाला विचारावे: आपल्या पेशीद्रवात एयूजी म्हणजे मेथिओनिन आणि एयूए म्हणजे आयसोल्युसिन, या दोघांबाबत तिसऱ्या जागी सैलपणा परवडेल का?