डिव्हाइस ट्रीमधल्या पिन्स: वर्णन कुठे संपतं आणि आकडे कुठे सुरू होतात

तुम्ही बीगलबोन किंवा रास्पबेरी पायला कधी सेन्सर जोडला असेल, तर डिव्हाइस ट्रीशी तुमची गाठ पडलीच असणार, आणि बहुधा एखाद्या न चालणाऱ्या पिनमुळेच. माझ्या पीएचडीचा विषय साध्या शब्दांत असा: बोर्ड चालू करायच्या आधी, नुसती ही फाइल वाचून तिच्यातल्या किती चुका पकडता येतील? त्यासाठी सध्या मी या फाइली पुस्तकासारख्या वाचतोय. त्यावरून झालेलं मत आज मांडतो. डिव्हाइस ट्री ही कल्पना चांगली आहे, पण पिन्सच्या बाबतीत ती स्वतः दिलेला शब्द पाळत नाही.

शब्द कोणता? ही कल्पना मुळात लिनक्सची नाही. सन आणि ॲपलच्या यंत्रांमधल्या ओपन फर्मवेअरमधून ती आली आणि पॉवरपीसीवर रुळली. एआरएमच्या जगात तेव्हा जवळजवळ प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतली एक वेगळी फाइल कर्नलमध्ये पडून असायची. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने या पसाऱ्यावर उघड संताप व्यक्त केला आणि एआरएमवाले झपाट्याने डिव्हाइस ट्रीकडे वळले. पिनकंट्रोल ही उपप्रणालीही त्याच वर्षी कर्नलमध्ये आली. कामाची वाटणी ठरली ती अशी: बोर्डावर काय आहे ते फाइल सांगेल, ते कसं चालवायचं ते ड्रायव्हर बघेल.

आता बीगलबोन ब्लॅक घ्या. त्यावरच्या एएम३३५एक्स चिपची एक पिन आठपर्यंत वेगवेगळी कामं करू शकते, एका वेळी एकच. कुठलं काम हे त्या पिनच्या रजिस्टरमधले खालचे तीन बिट ठरवतात. चौथा बिट पुल चालू की बंद हे सांगतो (आणि गंमत म्हणजे शून्य असेल तर चालू!), पाचवा पुल वर की खाली, सहावा आत येणारा सिग्नल वाचायचा की नाही, सातवा कडा किती झटकन बदलायच्या. जुन्या फाइलींमध्ये हे सगळं मिळून दोन आकडे असायचे: रजिस्टर कुठे आहे आणि त्यात काय लिहायचं.

त्यातली एक ओळ मला फार बोलकी वाटते. एसपीआयच्या क्लॉकची पिन, म्हणजे पी-९ हेडरवरची २२ नंबरची. तिथे रजिस्टरचा पत्ता हेक्समध्ये १५० आणि किंमत हेक्समध्ये ३०. ही किंमत उलगडली तर निघतं: काम क्रमांक शून्य, पुल-अप, आणि इनपुट चालू. थांबा, क्लॉक तर बोर्डातून बाहेर जातो, मग इनपुट कशाला? कारण या चिपचा एसपीआय भाग स्वतःच पाठवलेला क्लॉक पिनवरून परत आत घेतो आणि त्याच्या तालावर येणारा डेटा वाचतो. इनपुट बंद ठेवलंत तर स्कोपवर क्लॉक देखणा दिसेल, सेन्सर उत्तरही देईल, पण तुमच्या हातात येईल तो कचरा. ही माहिती हार्डवेअरबद्दलचीच आहे, अगदी अस्सल. आणि फाइलमध्ये तिच्या वाट्याला आलाय एक बिट. वाचणाऱ्याने ओळखायचं कसं की हा बिट मुद्दाम ठेवलाय, चुकून राहिलेला नाही?

इतर चिपवाल्यांकडे बघितलं तर तऱ्हा वेगळ्या. रास्पबेरी पायमध्ये पिनचं काम आकड्याने सांगतात: ० म्हणजे इनपुट, १ म्हणजे आउटपुट, आणि ऑल्ट-शून्य म्हणजे ४! ऑल्ट-४ साठी ३ आणि ऑल्ट-५ साठी २. रजिस्टरमध्ये बिट तसे आहेत म्हणून फाइलमध्येही तसेच. एनएक्सपीच्या आय-एमएक्स-६ मध्ये एका लांबलचक नावामागे पाच आकडे दडलेले असतात आणि पुढे सहावा उघडाच लिहायचा. तो सहावा बऱ्याच ठिकाणी १बी०बी० असतो. त्यात शंभर किलोओहमचा पुल-अप, हिस्टेरेसिस, वेग, ड्राइव्हची ताकद असं सगळं कोंबलेलं आहे, आणि तो एका बोर्डाच्या फाइलमधून दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमध्ये नकलून नेला जातो. नकलणाऱ्या प्रत्येकाने तो उलगडून पाहिला असेल असं मला तरी वाटत नाही.

क्वालकॉमच्या फाइली त्या मानाने वाचायला सुखाच्या. पिनचं नाव, कामाचं नाव, पुल हवा की नको हे शब्दांत, आणि ड्राइव्हची ताकद थेट मिलीअँपिअरमध्ये.

आकड्यांच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. प्रत्येक चिपचं पिन-रजिस्टर वेगळं, काही चिपमध्ये अशा सोयी की ज्यांना सर्वमान्य नावच नाही. मग सगळ्यांना एका शब्दकोशात बसवायचं तर काहीतरी गाळावं लागेल. शिवाय आकडा सरळ रजिस्टरमध्ये टाकता आला तर ड्रायव्हर छोटा राहतो. मान्य. पण मग ही फाइल हार्डवेअरचं वर्णन करते असं म्हणू नका. रजिस्टरमध्ये काय लिहायचं त्याची ती यादी झाली.

बीगलबोनच्या फाइलींमध्ये नंतर आकड्यांच्या जागी नावांचे मॅक्रो आले, आणि माणसाच्या दृष्टीने सुधारणा मोठी आहे. माझ्या कामाच्या दृष्टीने तेवढी नाही. मॅक्रो प्रीप्रोसेसरमध्येच विरघळतात. कंपाइल झालेल्या फाइलमध्ये पुन्हा तोच ३०. २०१८ च्या सुमारास कर्नलमध्ये फाइल तपासायचे स्कीमा येऊ लागले, त्यांचंही हेच दुखणं. ठरलेल्या जागी ठरलेल्या प्रकारचा आकडा आहे ना, हे ते चोख सांगतात. पण बिटांमागचा हेतू त्यांना दिसत नाही, कारण तो फाइलमध्ये लिहिलेलाच नाही.

पिन्सच्या भांडणांचं तसंच. बीगलबोन ब्लॅकवरची ईएमएमसी पी-८ हेडरच्या दहा पिन्स अडवून बसते. त्यातलीच एक तुम्ही दुसऱ्या उपकरणाला दिलीत, तर कर्नल म्हणतो की ही आधीच दुसऱ्याने घेतलीय. पण म्हणतो कधी, तर बूट होताना, दुसरा ड्रायव्हर पिन मागायला आल्यावर. जो आधी आला त्याची पिन. आणि एखाद्या नोडने पिन्सचा उल्लेखच केला नसेल, तर तक्रार करायलाही कोणी नाही. ओव्हरले वापरत असाल तर आणखी पंचाईत: मूळ फाइल निर्दोष, ओव्हरलेही निर्दोष, आणि बूटलोडरने दोन्ही जोडल्यावर भांडण. म्हणून मी सुट्या फाइली तपासण्याऐवजी जोडलेलं झाड तपासतो.

सगळ्यात जास्त खटकतो तो काळाचा प्रश्न. फाइलमध्ये पिनची "डिफॉल्ट" अवस्था लिहिलेली असते. तुम्हाला वाटेल, वीज आल्यापासून पिन तशी राहील. तसं होत नाही. ही अवस्था लागू होते त्या उपकरणाचा ड्रायव्हर सुरू होण्याच्या जरा आधी. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून उशिरा लोड होणार असेल, तर तोवर पिन चिपच्या रिसेटच्या किंवा बूटलोडरने ठेवलेल्या अवस्थेत. एलईडी असेल तर काही बिघडत नाही. पण त्या पिनवर पंपाचा रिले असेल, तर हे काही सेकंद फाइलमध्ये कुठेच नसतात. पिन थेट पिनकंट्रोलच्या नोडला बांधून ठेवली तर ती कर्नलमध्ये लवकर बसते, पण बूटलोडरचा वेळ तरीही उरतोच. तिथे फाइलवर भरवसा ठेवू नका, बाहेरून रेझिस्टर लावा.

आणि बोर्ड चालू झाल्यावर डीबगएफएसमधल्या पिनकंट्रोलच्या फोल्डरमध्ये जाऊन पिनमक्स-पिन्स ही फाइल एकदा उघडा. कुठली पिन प्रत्यक्षात कोणाकडे गेलीय ते तिथे कळतं. तुमच्या डिव्हाइस ट्रीशी ते ओळीओळीने ताडून बघा.