कागद पूर्ण, तरी दार बंद

तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाची एखादी जुनी स्मरणिका घरात असेल, तर त्यातला ‘मंडळाचा इतिहास’ हा लेख काढून बघा. पहिली मीटिंग कोणाच्या बेसमेंटमध्ये झाली, मग अध्यक्षांची यादी, पहिला गणपती, पहिला भाड्याचा हॉल. सगळं खरं असतं. पण वाचून संपलं तरी भांडण कशावरून झालं आणि कोण मंडळ सोडून गेलं, हे काही कळत नाही. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ म्हणजे डीएआर या संस्थेच्या स्थानिक चॅप्टर्सचे इतिहास वाचताना मला सारखी या लेखांची आठवण येत होती.

आधी थोडी ओळख. 1889 मध्ये ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही पुरुषांची संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी बायकांना घ्यायचं नाही असं ठरवलं. त्यावर मेरी लॉकवूड यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जाहीरपणे विचारलं की त्या लढ्यात बायका नव्हत्या का? ऑक्टोबर 1890 मध्ये डीएआर उभी राहिली. म्हणजे या संस्थेचा जन्मच मुळी दार बंद झाल्यामुळे झाला. तिच्या संस्थापकांपैकी मेरी डेशा आणि युजीनिया वॉशिंग्टन या लग्न न केलेल्या, सरकारी कचेरीत कारकुनी करून पोट भरणाऱ्या बायका होत्या. ही बाजू विसरली की पुढची गोष्ट फारच सोपी होते.

मेंबर होण्यासाठी 1776 च्या स्वातंत्र्ययुद्धाला मदत केलेला एक पूर्वज लागतो. तो सैनिकच असायला हवा असं नाही; सैन्याला धान्य पुरवणारा, निष्ठेची शपथ घेणारा माणूसही चालतो. तिथून आपल्यापर्यंतची प्रत्येक पिढी कागदाने जोडून दाखवायची. ही साखळी आईकडून, आजीकडून, कुठूनही आलेली चालते. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांशी तुलना करा. तिथे मुलीचं नाव असतं, ती कोणत्या घरी दिली हे असतं, आणि बहुतेक वेळा तिची फांदी तिथेच तोडलेली असते. या एका बाबतीत डीएआरचा नियम आपल्या पुस्तकांपेक्षा खूप पुढचा होता, हे मान्य करायला हवं.

आता चॅप्टरच्या इतिहासाकडे येऊ. त्याचा साचा ठरलेला असतो. पहिल्या अध्यक्षा, त्यांना ‘रीजंट’ म्हणतात. मग संस्थापक मेंबर्स. मग कोणत्या सैनिकाच्या थडग्यावर पाटी बसवली, कुठे झाड लावलं, शाळेत निबंधस्पर्धा कधी सुरू केली, महायुद्धात किती विणकाम केलं. या कामांना मी नावं ठेवणार नाही. या बायकांनी दफनभूमीतल्या दगडांवरची अक्षरं उतरवून घेतली, घराघरांतल्या बायबलमध्ये लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी जमवल्या. वॉशिंग्टनमधल्या डीएआरच्या ग्रंथालयात हे सगळं आहे आणि आज कोणीही जाऊन वाचू शकतं. माझा आक्षेप वेगळा आहे. या इतिहासात आत आलेल्या प्रत्येकीचं नाव असतं, दारातून परत गेलेल्यांचं नसतं. ‘मेंबर्स वाढले’ असं वाक्य सापडतं; अर्ज कोणी नाकारला, हे सांगणारं वाक्य सापडत नाही.

डीएआरचं नाव निघालं की 1939 ची गोष्ट सांगितली जाते. कृष्णवर्णीय गायिका मेरियन अँडरसन यांना संस्थेने आपल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गाऊ दिलं नाही, एलेनॉर रूझवेल्ट यांनी राजीनामा दिला, आणि अँडरसन लिंकन मेमोरियलसमोर सुमारे 75,000 लोकांपुढे गायल्या. गोष्ट मोठी आहे, म्हणून ती सांगणं सोपंही आहे: वाईट संस्था, थोर गायिका, शेवट गोड. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती 1980 च्या दशकातली, एका साध्या चॅप्टरची गोष्ट.

लीना सॅंटोस फर्ग्युसन वॉशिंग्टनला राहत होत्या. त्या कृष्णवर्णीय होत्या. त्यांचा पूर्वज जोना गे हा मेन भागातला गोरा माणूस, स्वातंत्र्ययुद्धातला. वंशावळीचे कागद त्यांच्याकडे होते. त्यांना शहरातल्याच मेरी वॉशिंग्टन चॅप्टरमध्ये जायचं होतं. पण मेंबर होण्यासाठी कागद पुरत नव्हते. चॅप्टरमधल्या बायकांनी ‘हो’ म्हणायला हवं होतं. त्या ‘हो’ म्हणेनात. 1984 मध्ये ही बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये आली, संस्थेची मालमत्ता करातली सूट काढून घेण्याची भाषा शहराच्या कौन्सिलमध्ये सुरू झाली, आणि मग तडजोड झाली. फर्ग्युसन त्याच चॅप्टरच्या मेंबर झाल्या. वंशावरून कोणाला नाकारायचं नाही हे नियमात लिहिलं गेलं. शिवाय क्रांतीत लढलेल्या कृष्णवर्णीयांची नावं शोधून छापायचं संस्थेने कबूल केलं.

इथे एक गोष्ट नीट बघा. डीएआरमध्ये पहिली कृष्णवर्णीय मेंबर 1977 मध्येच आली होती: मिशिगनमधल्या एझ्रा पार्कर चॅप्टरच्या कॅरन बॅचलर फार्मर. म्हणजे केंद्रीय संस्थेचं दार कागदोपत्री उघडं होतं. सात वर्षांनी दुसऱ्या गावच्या चॅप्टरमध्ये तेच दार बंद सापडतं. नियम वर ठरतो, पण चहाच्या टेबलावर कोण बसणार हे खाली ठरतं. म्हणून स्थानिक चॅप्टरचा इतिहास हा ‘छोटा इतिहास’ नाही. भेदभाव प्रत्यक्षात जिथे होतो ती हीच जागा.

आणि कागदांचं काय? 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. वर मालकाचं नाव, खाली वय, लिंग, वर्ण. माणसाचं नाव जवळजवळ कुठेच नाही. गुलामीतून सुटलेल्या लाखो लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती 1870 मध्ये. त्यांच्या लग्नांना कायद्याने लग्न मानलंच नव्हतं, मग दाखला कुठून आणणार? ‘आम्ही फक्त पुरावा मागतो’ हे वाक्य किती निष्पक्ष वाटतं! पण पुरावा ठेवायची मुभा कोणाला होती, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

तडजोडीत कबूल केलेलं पुस्तक यायला वेळ लागला. ‘फरगॉटन पेट्रियट्स’ची मोठी आवृत्ती 2008 मध्ये आली. त्यात कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी अशा 6,600 हून जास्त माणसांची नावं आहेत, राज्यवार, पुराव्यासकट. काम मेहनतीचं आहे आणि अनेकांना त्यातून आपला पूर्वज सापडेल. पण नावातला ‘फरगॉटन’ हा शब्द मला खटकतो. विसरले गेलेले, म्हणजे जणू कोणी विसरलंच नाही, आपोआप घडलं. ज्या संस्थेच्या हॉलमध्ये ‘फक्त गोरे कलाकार’ असा नियम होता, तिने ‘विसरलेले’ म्हणणं फार मवाळ आहे. ‘वगळलेले’ हा शब्द खरा ठरला असता.

2012 मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये एक नवं चॅप्टर निघालं. त्याचं नाव इन्क्रीज कार्पेंटर. 1776 मध्ये जनरल वुडहल जिथे ब्रिटिशांच्या हाती सापडला, त्या खाणावळीचा हा मालक. चॅप्टरच्या 13 संस्थापक मेंबर्सपैकी 5 कृष्णवर्णीय होत्या. ते उभं करणाऱ्या विल्हेल्मिना ऱ्होड्स केली 2019 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट झाल्या. बंद दारावर धडका मारत बसण्यापेक्षा त्यांनी शेजारी नवं दार बसवलं. हे स्वागताचंच आहे. पण पूर्वजाच्या पुराव्याशिवाय इथेही आत जाता येत नाही. टेबलावर माणसं बदलली, टेबल तेच राहिलं.

यात आपलं काय? आपल्यापैकी कोणाचाही पूर्वज त्या युद्धात नव्हता, तेव्हा अर्ज करायचा प्रश्नच नाही. पण सैनिक पूर्वज दाखवून हक्क मागणं आपल्या इतिहासातही आहे. डीएआर निघाली त्याच दशकात ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती थांबवली, आणि गोपाळबाबा वलंगकरांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देत अर्ज लिहिला. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांची ‘नाक’ने संपणारी नावं कोरलेली आहेत. ज्यांची वंशावळ तीर्थावरच्या भटजींच्या वहीत नव्हती, त्यांच्यासाठी तो दगड हाच कागद झाला. फर्ग्युसन यांच्या हातातले कागद आणि तो दगड एकाच प्रकारचं काम करतात. मात्र मला एवढंही म्हणावंसं वाटतं की माणसाला मान मिळण्यासाठी पणजोबा लढायला लागू नये.

अमेरिकेच्या अडीचशे वर्षांसारख्या निमित्ताने गावोगावी पाट्या लागतात, पुस्तिका निघतात. आपल्या मंडळांचेही रौप्य आणि सुवर्णमहोत्सव होतच असतात, आणि ‘तुमचं मराठी बरं आहे, जरा इतिहास लिहून दे’ असं कोणी काका-काकू तुम्हाला सांगणारच. लिहा. अध्यक्षांची यादी द्या, गणपतीचा फोटो द्या. त्याआधी जुन्या मेंबर्सना फोन करून एवढंच विचारा: तेव्हा कोण येत नव्हतं, आणि का? उत्तर द्यायला ते जरा कचरतील. तिथून लिहायला सुरुवात करा.